न धुतलेली दुर्बीण

मामाची दुर्बीण नदीत पडली तेव्हा ती वाचवता आली असती. पण नेमक्या त्याच वेळी सागिनाली स्वतःही नदीत पडत होता, आणि दोन पडणाऱ्या वस्तूंपैकी आधी कुठली धरायची हे ठरवायला घोड्याने त्याला उसंत दिली नाही. घोड्याने फक्त पाणी प्यायला मान खाली घातली. त्या मानेवरून सागिनाली, नवा कोट घातलेल्या गोणीसारखा, सरळ प्रवाहात उतरला.

दुर्बिणीला पट्टा होता. गळ्यात घातला असता तर माणूस आणि दुर्बीण एकत्र वर आले असते. पण तो पट्टा चाळीस वर्षं मामाच्या घामात आणि मेंढीच्या चरबीत मुरलेला, आणि सागिनालीच्या कोटाची कॉलर नवी कोरी. त्यातून त्या दिवशी सोबत साहेब. नारिन शहराच्या जमीन कचेरीत सागिनालीने उभा जन्म शिक्के मारण्यात घालवला होता आणि साहेबांनी त्याला शिकारीला बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती. अशा प्रसंगी माणूस गळ्यात चरबी बांधून जात नाही. त्याने दुर्बीण हातात धरली होती, सेनापती धरतात तशी.

तो वर आला तेव्हा साहेबांनी काठावरून विचारलं, "काय सागिनाली, काय दिसलं?"

"मासे, साहेब," सागिनाली म्हणाला, कारण साहेबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्याला सवय होती.

साहेब हसले, सगळे हसले. शेवाळ पुसता पुसता सागिनालीही हसला. मग त्याला मामा आठवला आणि त्याचं हसू ओल्या कोटासारखं अंगाला चिकटून थंड पडलं.

आता मामाकडून दुर्बीण आणली कशी, ते सांगायला हवं. मागून आणली नव्हती. आपल्याकडे भाच्याने मामाच्या घरातली वस्तू मागायची नसते, उचलायची असते. बहिणीच्या मुलाचा तो हक्क. मामाने नाही म्हटलं तर मामाची सात गावांत छी-थू. सागिनाली खिंडीपलीकडे तेकेलिकला मामाकडे गेला, चहा प्यायला, खुंटीवरची दुर्बीण काढली आणि म्हणाला, "मामा, भाच्याचा हक्क!"

एसेनकुलमामा खिडकीशी अंथरुणावर उशांना टेकून बसला होता. एके काळी त्या डोंगरांतला नावाजलेला शिकारी. आता छातीचा भाता फाटला होता. खोकला आला की मामी आधी त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि मग चहाच्या पेल्यावर. दिवसभर तो खिडकीतून दुर्बीण लावून समोरच्या डोंगराची कड बघायचा. बाकी सगळ्या जगाशी त्याचे संबंध संपले होते.

मामीने चहा ओतता ओतता मान वर केली.

"घे बाबा," मामा म्हणाला. "भाच्याला नाही म्हणणारा मामा अजून जन्माला यायचाय. फक्त पहिल्या बर्फाआधी परत आण. त्याला बघायचंय मला."

'त्याला' म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. बारा वर्षांपूर्वी मामाने एका डोंगरी बोकडाच्या काळजावर नेम धरला होता आणि त्याचं डावं शिंग उडवलं होतं. तेव्हापासून दोघांनीही एकमेकांना माफ केलेलं नव्हतं. दर हिवाळ्यात, पहिला बर्फ पडला की, कळप माजावर येऊन समोरच्या कडेवर उतरायचा आणि त्यात तो एकशिंग्या असायचा. मामा बंदूक विकून बसला तरी तो यायचाच. मामा त्याला शिव्या द्यायचा, दुर्बिणीतून त्याची दाढी बघायचा आणि 'म्हातारा झालास लेका' म्हणून खूश व्हायचा.

"हा हिवाळा आम्हा दोघांतला एकच पुरा करणार," मामा म्हणाला होता. "तो आला की नाही एवढं कळू दे. मग मी मोकळा."

आणि ती दुर्बीण आता नारिन नदीच्या तळाशी माशांची दाढी बघत पडली होती.

सागिनालीने घरी येऊन बायकोला, बुरुलचाला, सगळं सांगितलं. बुरुलचा कणीक मळत होती. तिने फक्त विचारलं, "आणि कॉलर?"

"कॉलर वाचली."

"बरं झालं. मामांच्या मयताला तोच कोट घाला."

बुरुलचा अशीच बोलायची. यामुळे सागिनालीची प्रतिष्ठा घरात फार काळ टिकत नसे.

नवी दुर्बीण घ्यायची ठरली. चांगली हवी आणि परवडणारीही हवी. ही दोन विशेषणं एका वाक्यात बसतात, एका दुकानात बसत नाहीत, हे सागिनालीला अजून ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी जिन्याने चारही मजल्यांना पोचवली. आमच्या इमारतींत जिना हेच तारयंत्र आहे.

पहिले आले रिस्कुल-आके, तिसऱ्या मजल्यावरचे; वयाने मोठ्या माणसाला आमच्याकडे 'आके' म्हणतात. सीमेवर पंचवीस वर्षं पहारा करून निवृत्त झालेले. अजूनही दार उघडायच्या आधी भोकातून बराच वेळ बघायचे. पाठोपाठ आली बाजारात चिनी माल विकणारी नुरकान. दोघं एकाच टेबलाला बसून एकमेकांकडे न बघता सागिनालीला सल्ला देऊ लागली.

"लष्करी घे," रिस्कुल-आके म्हणाले. "रणगाडा वरून गेला तरी फुटत नाही."

"मामांच्या खिडकीत रणगाडा कुठून येणार?" नुरकान म्हणाली. "सागिन-आके, माझ्याकडे या. माझ्या दुर्बिणीवर साठ गुणिले नव्वद लिहिलंय. यांच्या लष्करी डबड्यावर काय असतं? आठ गुणिले तीस!"

सागिनाली जमिनीचं क्षेत्रफळ काढण्यात मुरलेला माणूस. त्याने मनात गुणाकार केला. आठ त्रिक चोवीस, म्हणजे दोनशे चाळीस. साठ गुणिले नव्वद, पाच हजार चारशे! एवढ्या दुर्बिणीतून एकशिंग्याची दाढीच काय, त्याचा पश्चात्तापसुद्धा दिसला असता. आणि किंमत लष्करी दुर्बिणीच्या निम्मी. सागिनालीने ती तिथल्या तिथे घेतली.

पण घेतली आणि नेली, असं आपल्याकडे होत नाही. नवी वस्तू आली की ती धुवावी लागते. पाण्याने नव्हे. चार माणसं बोलवायची, खाऊ घालायचं, पेले भरायचे आणि त्यांनी 'लाभो' म्हणायचं. न धुतलेली गाडी खड्ड्यात जाते, न धुतलेली शिवणयंत्रं बोटं शिवतात, हे कुणालाही विचारा. पलीकडच्या पंचमजली इमारतीत शिलाईचं मशीन न धुता वापरणारी एक बाई होती; ती पुढे कझाकस्तानला निघून गेली. यावरून काय ते समजा.

तेव्हा धुतली. बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले, कोंबडी शिजवली, सगळा जिना जेवला. मग गच्चीत जाऊन रिस्कुल-आक्यांनी डोंगराकडे दुर्बीण लावली आणि बराच वेळ बघत राहिले.

"काय दिसतंय?" सागिनालीने विचारलं.

"दोन डोंगर."

"तिथे एकच आहे."

"म्हणून तर म्हणतोय." आक्यांनी दुर्बीण हलवून कानाशी धरली. आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. पुन्हा हलवली. समोरची काच सुटली आणि खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी चहात पडली. खालून शिवी आली, ती मात्र एकच होती आणि अगदी स्पष्ट.

त्या जेवणाच्या खर्चात तशा दोन दुर्बिणी आल्या असत्या, म्हणजे चार डोंगर. बुरुलचाने हे सागिनालीला सांगितलं नाही. तिने फक्त उरलेले बोर्सोक मोजले आणि डबा जरा जोरात बंद केला.

मामीचा फोन आला. "ते विचारतायत, आणतोयस का?"

"आणतो मामी. जरा... पुसायला टाकलीय."

"हं." मामीने आवाज खाली आणला. "दोन्ही मुठी डोळ्यांना लावून बसतात हल्ली. म्हटलं, यातून काय दिसतं? तर म्हणतात, दिसत नाही, पण डोळ्याला वारा लागत नाही."

"तब्येत?"

"जराशी थंडी भरलीय."

आपल्याकडे माणूस मरायला टेकला की त्याला जराशी थंडी भरते. सागिनालीला ते कळलं. फोन ठेवून तो सरळ तिसऱ्या मजल्यावर गेला.

रिस्कुल-आक्यांकडे त्यांची जुनी लष्करी दुर्बीण होती. खरोखरच रणगाड्याखाली टिकेल अशी. हातात घेतली की हाताला आपण रणगाड्याखाली आलोय असं वाटे. सागिनालीने डोळ्याला लावली. सगळं जग दुधात पडलं होतं.

"आत बुरशी आहे, आके."

"बुरशी नाही, धुकं. डोंगरात धुकं असायचंच."

"हे भिंतीकडे बघितलं तरी आहे."

"मग भिंतीकडे बघू नकोस! शिकारी माणूस भिंतीकडे कशाला बघतो?" आके चिडले. मग खाली बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "सागिन, मी हिच्यातून पंचवीस वर्षं पलीकडची टेकडी बघितली. कधी कुणी आलं नाही. धुकं होतं का नव्हतं, मला कसं कळणार?"

सागिनालीने दुर्बीण टेबलावर ठेवली आणि आक्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हा त्या आठवड्यातला त्याचा एकमेव शहाणपणा.

शेवटी कचेरीतल्या एका शिकारी सहकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आकडा मोठा म्हणजे काच चांगली, हा गैरसमज आहे. दहापट पुरे, त्याहून जास्त केली की म्हाताऱ्याचा हात थरथरतो आणि डोंगर नाचतो. काच स्वच्छ हवी, संध्याकाळचा उजेड पकडणारी, आत पाणी न शिरणारी. नावाजलेल्या दुर्बिणी घोड्याच्या किमतीत येतात. पण मधली एक आहे, फार महाग नाही, फार स्वस्त नाही, बाहेरदेशातून टपालाने मागवावी लागते. सागिनालीने मागवली आणि पहिल्यांदाच कुठलाही गुणाकार केला नाही.

ती आली आणि जकातीच्या खिडकीत अडकली.

खिडकीतला माणूस तरुण होता, पण डोळे वर न करता बोलण्याची कला त्याने पूर्ण आत्मसात केली होती. "वस्तू युद्धोपयोगी आहे का?"

"दुर्बीण आहे, साहेब. माझ्या मामासाठी."

"हिच्यातून शत्रू दिसतो का?"

"समोर असला तर दिसेल."

"मग युद्धोपयोगी."

"पण बोकडसुद्धा दिसतो!"

"बोकडाचं खातं वेगळं. उद्या या."

सागिनाली त्या खिडकीकडे बघत राहिला. 'उद्या या' हे दोन शब्द तो स्वतः रोज म्हणायचा. अगदी याच सुरात, असंच शिक्क्याच्या डब्याकडे बघत. खिडकी बाहेरच्या बाजूने एवढी लहान दिसते, हे त्याला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. मामीचा फोन आला की तो आता जिन्यात जाऊन बोलायचा, कारण बुरुलचा ऐकत असली की त्याला खोटं नीट बोलता येत नसे.

अखेर तो साहेबांकडे गेला. साहेबांनी नदीतल्या माशांची आठवण काढली, पोटभर हसले आणि एक फोन फिरवला. दुपारी दुर्बीण सागिनालीच्या हातात होती. काळी, हलकी, आणि डोळ्याला लावली की समोरच्या इमारतीवरच्या कबुतराच्या पापणीची उघडझाप मोजता यावी एवढी स्वच्छ. पट्टा रुंद, नवा. त्याने तो तिथल्या तिथे गळ्यात घातला. कॉलरचा विचारही मनात आला नाही.

तो तडक मेव्हण्याची गाडी मागून खिंडीकडे निघणार होता. खाली जिन्यातच रिस्कुल-आके उभे.

"धुतलीस?"

"आके, वेळ नाही. आल्यावर धुतो."

आक्यांचा चेहरा पडला. "सागिन, स्वतःसाठी असती तर मी काही बोललो नसतो. पण न धुतलेली वस्तू आजारी माणसाच्या हातात देतोस? काही बरं-वाईट झालं तर जन्मभर कोण म्हणेल की दुर्बिणीमुळे नाही झालं?"

सागिनाली पायरीवर थांबला. तेवढ्यात साहेबांचा फोन. "काय मग, धुणं कधी? उद्या दुपारी मी मोकळा आहे." ज्यांच्या एका फोनवर दुर्बीण सुटली, त्यांना 'नको' कसं म्हणायचं? सागिनालीने वर बुरुलचाकडे बघितलं. ती कठड्याला टेकून उभी होती. न धुतलेली वस्तू आजाऱ्याला द्यायला तीही धजली नसती.

दुसऱ्या दिवशी मेंढा कापला. साहेब आले, कचेरी आली, सगळा जिना आला. साहेबांनी गच्चीतून दुर्बीण लावली आणि म्हणाले, "वा! सागिनाली, तुझी निवड!" सगळ्यांसमोर म्हणाले. सागिनालीच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं. खोटं कशाला बोला, त्या दुपारी अर्धा तास तो मामाला विसरला. रिस्कुल-आक्यांनी उभं राहून, तळहात उघडून आशीर्वाद दिला, "हिच्यातून फक्त चांगलंच दिसो!" आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

फोन वाजला तेव्हा तिसरा पेला चालू होता. सागिनाली जिन्यात गेला.

"इथे बर्फ पडलाय," मामी म्हणाली. "तुमच्याकडे कसला गोंधळ आहे?"

"धुतोय, मामी. उद्या उजाडताच निघतो."

"हो. न धुता कसं आणणार?" मामीने फोन अंथरुणाकडे नेला. "त्यांच्याशी बोल."

बराच वेळ नुसता श्वास आला. फाटक्या भात्यासारखा. मग मामाचा आवाज, दूर गेल्यासारखा. "सागिन, कळप उतरलाय रे. मला दिसतोय. काळे ठिपके. पण ठिपक्यांना शिंगं नसतात."

"उद्या सकाळी, मामा. दाढीसुद्धा दिसेल."

"उद्या. बरं." खोकला. "त्या ठिपक्यांनाही सांगतो, थांबा म्हणून."

सकाळी खिंडीत वारा दाढ्या उपटत होता. गावावरच्या शेवटच्या चढावर सागिनालीने गाडी थांबवली. इथून तेकेलिक खाली वाडग्यात ठेवल्यासारखं दिसतं आणि पलीकडची कड सरळ समोर येते. काच गार पडून धुरकट होते का, ते मामाला द्यायच्या आधी बघून घ्यावं, असं त्याने मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्याला आधी बघायचं होतं. आयुष्यभर शिकारीत त्याने घोडे धरले होते, चहा उकळला होता; 'तो बघ, तो बघ' म्हणत लोकांनी बोटं दाखवली तेव्हा तो नुसता 'हो हो' म्हणत आला होता. सगळ्यांच्या आधी काहीतरी दिसावं, एवढीच त्याची फार जुनी इच्छा होती.

त्याने कडेवर दुर्बीण लावली. बर्फ, खडक, बर्फ. मग एक खडक हलला. मग दुसरा. बकऱ्या, पिल्लं, दोन तरणे बोकड. आणि त्यांच्या पुढे, कड्याच्या नाकावर, पांढरी पडलेली दाढी वाऱ्यावर सोडून एक थोराड धूड उभं होतं. उजवं शिंग पाठीपर्यंत वळलेलं. डावीकडे नुसता ठुणका.

"आहे!" सागिनाली ओरडला. एकट्याने, खिंडीत. "मामा, आहे रे! म्हातारा आहे!"

हसत हसत त्याने दुर्बीण खाली फिरवली, मामाची खिडकी शोधायला. छप्पर दिसलं, धुराडं दिसलं, अंगण दिसलं. अंगणात माणसं होती. ती लाकडी सांगाडा उभा करून त्यावर लोकरीचा जाड पांढरा नमदा ओढत होती.

हिवाळ्यात अंगणात नमद्याचा तंबू एकाच कामासाठी उभारतात. त्यात ज्याला ठेवायचं असतं त्याला थंडी वाजत नाही.

काच फार चांगली होती. त्याला दोर ओढणाऱ्या माणसाच्या हातमोज्यावरचं ठिगळसुद्धा दिसलं. त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली. खाली गाव पुन्हा लहान झालं. अंगणात एक पांढरा ठिपका. ठिपक्यात कुणी मेलेलं नसतं. तो बराच वेळ तसाच ठिपक्याकडे बघत उभा राहिला.

मग गाडीत बसला. गावाच्या वेशीवर गाडी सोडली, कारण मयताच्या घरी पुरुषाने लांबूनच मोठ्याने आक्रोश करत पायी जायचं असतं. नारिनच्या जमीन कचेरीतल्या माणसाला सगळ्यांदेखत असं रडता येईल का, याची त्याला एरवी फार धास्ती वाटायची. आज ते आपोआप आलं.

"मामा रे! माझ्या पाठीचा डोंगर रे!" तो बर्फातून धावत सुटला. "मामा रे!"

तंबूबाहेर काठ्यांवर वाकून रडणारी माणसं पुढे आली आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याला दोन्ही बगलांत धरलं. सागिनालीने तंबूच्या नमद्याला कपाळ टेकलं. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मामीचं विलापाचं गाणं चाललं होतं, संथ, एका सुरात.

"मामा रे!" सागिनाली ओरडला. "तो आहे रे! एकशिंग्या आहे! आत्ता बघून आलो रे!"

त्याला धरलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मामाचा धाकटा भाऊ त्याच्या कानाशी लागला. "अरे, काय बडबडतोस? लोक आलेत. नीट रड."

पण आतलं गाणं थांबलं होतं. मयताच्या घरी बायकोचा विलाप मध्येच थांबलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

"सागिन?" नमद्याच्या पलीकडून मामीचा आवाज आला. घसा बसलेला, पण रोजचाच, चहा ओततानाचा.

"हो, मामी."

"एकटा होता का कळपात?"

"कळपात. सगळ्यांच्या पुढे."

"कुठलं शिंग नाही?"

"डावं."

आत कुणीतरी नाक ओढलं.

"हं," ती म्हणाली. "तोच." आणि मग, "रड आता."

आणि तिने पुन्हा सूर धरला, आता आधीपेक्षा वर, थेट कडेपर्यंत पोचेल असा. त्यात आता नवे शब्द आले होते. 'पैज हरलास रे माझ्या राजा, हरलास एका शिंगाला. बर्फात उभा तुझा वैरी, तुझ्या खिडकीत बघायला.'

बाहेर सागिनाली काठीवर वाकून रडत होता. गळ्यातली दुर्बीण प्रत्येक हुंदक्याला त्याच्या छातीवर आपटत होती. पट्टा नवा होता, चांगल्या प्रतीचा. तो काही तुटला नाही.